परतभार

बाबा गेले त्याच्या आदल्या दिवशी सकाळी त्यांनी उर्वीला पाच केळी चिरडू दिली.

उर्वी माझ्या बहिणीची मुलगी, वय दहा. अचाट शक्तीच्या वीरांच्या चित्रकथा ती जेवतानाही वाचायची. तिला एक कोडं पडलं होतं.

"आजोबा, कवच मिळायच्या आधी हा माणूस इतका भला असतो की आजारी कुत्र्यांना दूध पाजतो. बारा पानांनंतर तोच शहरं उलथतो. कवचात असं काय असतं?"

"आपल्याकडे कवच आहे की. त्यालाच विचारू."

बाबा यंत्रशास्त्रज्ञ. वेंगुर्ल्याजवळच्या कार्यशाळेत आम्ही दोघांनी बलकवच (अंगावर चढवायचा, ताकद चाळीसपट करणारा यांत्रिक सांगाडा) तयार केलं होतं. गावातली तरुण माणसं शहरात गेली होती. रापण (किनाऱ्यावरून दोन दोरांनी सगळ्यांनी मिळून ओढायचं मोठं जाळं) ओढायला म्हातारेच उरले होते. त्यांच्यासाठी हे कवच.

बाबांनी कवचाचा हात उर्वीच्या हातावर चढवला आणि एक बटण बंद केलं. तिने केळं उचललं. लगदा झाला. पाच वेळा तेच झालं.

"मी हळूच धरलं होतं!"

"तुला वाटलं तसं." बाबांनी बटण चालू केलं. सहावं केळं अख्खं राहिलं.

"तू वस्तू दाबतेस तेव्हा तीही तुझ्या बोटांना उलट दाबते," बाबा म्हणाले. "पुरे की आणखी, हे मेंदू त्यावरून ठरवतो. अंगात कवच असलं की तो दाब कवचच खातं. म्हणून त्यातला थोडा मी तुझ्याकडे परत पाठवतो. याला मी परतभार म्हणतो."

"म्हणजे त्या वीराला परतभार नव्हता, म्हणून तो बिघडला."

"अर्धं बरोबर. समोरच्याचं दुखणं पोचलंच नाही तर माणूस चुकतो. पण पोचूनही न थांबणारे असतात. त्यांच्यासाठी बटण मला जमलेलं नाही. चल, केळी खा."

"ही?"

"मग चिरडली कोणी?"

दुपारी रापणीवर चाचणी होती. परतभाराने माझे खांदे दुखत, म्हणून मी तो बंद केला. बाबांना सांगितलं नाही. एका दोरावर कवच घातलेली मी एकटी होते. दुसऱ्यावर बाबा, रापणीचे म्होरके गुंडू तांडेल आणि आणखी दहाजण. दोन्ही दोर सारखेच यावे लागतात. एक जोरात ओढला, तर दुसऱ्यावरची माणसं समुद्राकडे खेचली जातात. म्हणून आमच्या गावात रिवाज आहे, कोणीही, अगदी लहान पोरानेही, "रव" (थांब) म्हटलं की दोन्हीकडचे हात थांबतात.

"बाय, जरा दमान घे गो. हय सगळी म्हातारी आसत," तांडेल म्हणाले.

"काका, तुम्ही नुसता दोर धरून उभे राहा."

दोर कापसासारखा हलका येत होता. लोक टाळ्या वाजवत होते. जाळं वर आलं तेव्हा बाबा वाळूत गुडघ्यांवर होते. दोन्ही तळहात सोलून निघाले होते.

"तीनदा रव म्हणालो गो," ते म्हणाले.

"कवचाच्या शिरस्त्राणात ऐकू आलं नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली.

दुसऱ्या दिवशी ते उठलेच नाहीत. झोपेत हृदय थांबलं होतं. डॉक्टर म्हणाल्या, हृदय आधीपासूनच आजारी होतं, कालच्या प्रकाराशी याचा संबंध नाही. त्या बोलत होत्या आणि मी पाहत होते, रोज बाबा ठेवायचे तो चहा आज कोणी ठेवलेला नाही.

पंधरा दिवसांनी उर्वीने आणि मी कवचातली नोंद उघडली. पडद्यावर दोन रेघा होत्या, एक शिरस्त्राणाच्या आत आलेल्या आवाजाची, दुसरी माझ्या हातांच्या जोराची. पहिल्या हाकेला आवाजाची रेघ टोकदार उठली होती. तिथेच जोराची रेघ क्षणभर खाली वाकली होती. मग आधीपेक्षा वर चढली होती. दुसऱ्या हाकेला ती वाकली नाही. तिसऱ्यालाही नाही.

ऐकू आलं नाही, असं मी इतक्यांदा सांगितलं होतं की ते मलाच खरं वाटू लागलं होतं.

"मावशी, बटण बंद होतं म्हणून असं झालं," उर्वी म्हणाली. "ते बटणच काढून टाकू. परतभार कायम चालू. आणि कोणी रव म्हटलं की कवचाने आपोआप दोर सोडायचा. जमेल?"

"जमेल."

संध्याकाळी तांडेल रापणीच्या माणसांना घेऊन कवच पाहायला आले. पुढच्या आठवड्यापासून ते त्यांच्या अंगावर चढणार होतं. उर्वीने त्यांना दोन्ही सुधारणा नीट समजावल्या.

"मगे यंत्राची चूक ती. तुजी नाय गो बाय," तांडेल मला म्हणाले. बाकीच्यांनीही माना डोलावल्या. उर्वी सुटल्यासारखी हसली. हे सगळे आता या दोन सुधारणांच्या भरवशावर कवच घालणार होते.

"काका, बाबांची पहिलीच हाक मला ऐकू आली होती," मी म्हणाले. "लोक टाळ्या वाजवत होते. मला थांबायचं नव्हतं."