बांधाखालची मोकळी जागा

कुणाला खोटं वाटलं तर वाटू दे. हे माझ्या मावसबहिणीच्या, दीपमालाच्या बाबतीत घडलंय, आणि ती उगाच बाता मारणाऱ्यातली नाही.

गेल्या श्रावणातली संध्याकाळ. उंब्रजच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत नाथाजी नावाच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याचा मातीचा बंधारा आहे. स्वतःच्या मालकीचा. असे खासगी बंधारे तपासून त्यांना धोक्याचा वर्ग द्यायचं काम दीपमालाकडे होतं. नियम सरळ. बांध फुटला तर खाली माणसं मरतील का? मरणार असतील तर वरचा वर्ग, आणि दुरुस्ती होईपर्यंत पाणी सोडून द्यायचं.

पाणी सोडलं की नाथाजींचा ऊस गेलाच.

"खाली चिटपाखरू न्हाई, मॅडम," म्हातारा म्हणाला. "बिनघोर लिवा."

पायथ्याशी गढूळ पाणी झिरपत होतं. म्हणजे बांध आतून पोखरला जात होता. तरी खाली कुणी राहत नसेल तर वर्ग खालचाच. खात्री करायला दीपमाला एकटीच उतरली. नाथाजी काही आले नाहीत.

ओढ्याकाठी सपाट, मोकळी जागा होती. ऐन श्रावणात तिथं गवताची काडी नव्हती.

आणि बेडूक... एकही ओरडत नव्हता.

मग...

थप. थप. थप.

भाकरी थापल्याचा आवाज. अगदी जवळून.

ती गर्रकन वळली. कुणी नाही.

चुलीच्या धुराचा वास आला. एक तान्हं पोर किरकिरलं... आणि हातभर अंतरावरून कुणी बाई दमल्या आवाजात म्हणाली, "गप रं, गप."

दीपमालानं मागं न बघता चढ धरला. ती कशीबशी वर आली.

नाथाजी बांधावर उकिडवे बसले होते. तिचा चेहरा बघून त्यांनी मान खाली घातली.

"तुमालाबी ऐकू आलं व्हय?"

तिनं मान डोलावली.

"गेल्या हंगामात ऊसतोडीची टोळी हुती. आटपाडीकडची. तितंच ऱ्हायला पाचटाच्या कोप्या घातल्या हुत्या. अवकाळी पाऊस लागला, बांध फुटला. बाया पहाटंच्या भाकरी करत हुत्या. समदी वाहून नदीला गेली."

"आणि चौकशीत काय सांगितलंत?"

"खाली कोण न्हवतं म्हणून सांगितलं नि बांध पुन्ना घातला. गावची न्हवतीच की ती."

"कुणी शोधत आलं नाही?"

"एक म्हातारी आली. तिला म्हणलं, टोळी फुडच्या गावाला गेली. ती फुडं चालत गेली."

दीपमाला सांगते, त्या क्षणी तिला भीतीपेक्षा चीड आली. तपासणी व्हायची पावसाळ्यात, टोळ्या यायच्या दिवाळीनंतर. आजवर जो साहेब आला, त्याला जागा मोकळीच दिसली. पुढच्या हंगामात तिथंच पुन्हा कोप्या पडणार होत्या.

तिनं वरचा वर्ग दिला. कारण लिहिलं, खाली माणसं राहतात. नाथाजींनी स्वतःच पाणी सोडलं. ऊस उभा वाळला.

दिवाळी झाली, गावातला बाकीचा ऊस तोडायला टोळी आली. दीपमालाला राहवेना, ती मुद्दाम बघायला गेली. बंधारा कोरडा ठणठणीत होता. पण ओढ्याकाठी एकही कोपी नव्हती. सगळा बाडबिस्तारा वर, रस्त्याकडेच्या खडकाळ उतारावर.

"पयल्या दिशी खालीच हुतो," मुकादम भाऊसो म्हणाला. "एक रात काढली. उजाडायच्या आत बायांनी पोरं उचलली नि वर आल्या."

"का? आता वर पाणी नाही. भीती कसली?"

"पाण्याची न्हाई वो, ताई." भाऊसोनं ओढ्याकडे बघायचं टाळलं. "बाया म्हणत्यात, तितं जागा न्हाई."

दीपमालानं खाली पाहिलं. सगळं रान मोकळं पडलं होतं.

यंदा तिला परत तपासणीला जायचंय. बांधाखाली किती माणसं राहतात, ते पुन्हा लिहावं लागेल. काय लिहू, असं ती मला विचारते.