डाव्या पायाची करंगळी

पालघरजवळच्या आमच्या नवापुरात आजही खंडेरावाचा खटला आठवणारं कुणीतरी भेटेल. त्यापुढचं मात्र फक्त आमच्या घराला ठाऊक आहे. जमना माझी सख्खी मावशी, आणि मावशी खोटं बोलणारी नव्हती.

१९६६ सालचा श्रावण. तिचा नवरा नामदेव तापाने गेला.

पावसात सरण पेटता पेटेना. स्मशानाची राखण करणारा खंडेराव पुरुषांना म्हणाला, तुम्ही घरी जा, मी बघतो. तिसऱ्या दिवशी त्याने राखेचं मडकं दिलं. ते समुद्रात सोडलं.

घरी, नामदेवने प्राण सोडला तिथे रिवाजाप्रमाणे पीठ पसरून टोपली झाकली होती. गेलेला जीव सुटला, की त्याची खूण पिठात उमटते.

सकाळी टोपली उचलली...

पीठ जसंच्या तसं.

जमना रडली नाही. तिला काही वाटेनासंच झालं होतं.

मग भर दुपारी उंबऱ्यावर ओली वाळू दिसू लागली. डाव्या पावलाचा ठसा... चार बोटांचा. नामदेवची करंगळी जाळ्याच्या दोरात तुटली होती.

ठसा बाहेरच असे. आत कधीच नाही.

दिवाळीनंतर कुत्र्यांनी सुरूच्या बनात वाळू उकरली, तेव्हा सगळं उघड झालं. खंडेराव सरणाची लाकडं विकायचा, प्रेतं वाळूत पुरायचा आणि मडक्यात चुलीची राख भरायचा.

पालघरच्या कोर्टात जमनाला विचारलं, एवढ्या सांगाड्यांत नवरा कसा ओळखलास?

"डाव्या पायाला करंगळी नाय. तो माजाच माणूस हाय."

खंडेरावाला शिक्षा झाली. सांगाडा घरच्यांना मिळाला. या वेळी राख होईपर्यंत स्मशानातून कुणी हललं नाही.

संध्याकाळी जमनाने पुन्हा पीठ पसरलं. एवढं झालं की नामदेव सुटणार होता.

सकाळी टोपली उचलली...

पाऊल उमटलं होतं. डावं.

धाकट्या दिराने, दामूने, हात जोडले. "सुटला गो वयनी."

जमना बोटं मोजत होती.

पाच.

वाळूत पुरलेल्या प्रेताची बारीक हाडं निखळून हरवतात, हे तिच्या तेव्हा ध्यानात आलं. कुणा दुसऱ्याचाच माणूस त्यांनी जाळला होता.

दुपारी ती दाराशी गेली.

उंबऱ्यावर ओली वाळू होती... चार बोटांची.

तिने पीठ झाडून घेतलं. सुरूचं बन पुन्हा उकरायला कोण येणार होतं? पुढे कितीतरी वर्षांनी तिने हे माझ्या आईला सांगितलं, तेही मासे निवडता निवडता.

मावशी जिवंत होती तोवर त्या घराचं पुढचं दार कधी लागलं नाही. आता तिथे आम्ही राहतो.

दुपारी उंबरा ओलांडताना मी खाली बघत नाही.