सावित्रीत फेकलेला दांडा

विश्वास ठेवा अगर ठेवू नका, पण मी स्वतः तिथं उभी होते.

गेल्या नवरात्रातली संध्याकाळ. आमचं गाव कापडे, पोलादपूर तालुक्यातलं.

हर्षद माझा धाकटा भाऊ. महाडला गॅरेजात कामाला होता. ड्रॅग रेसचं, म्हणजे सरळ रस्त्यावर गाड्या पळवायच्या शर्यतीचं, भारी वेड. एक जुनी गाडी आणून घरामागच्या शेडमध्ये तो ती हलकी करत बसायचा.

सीटा काढल्या. काचा काढल्या. मग स्टेअरिंगखालचा, चाकं वळवणारा जाड लोखंडी दांडाही काढला आणि त्याजागी पातळ पाइप वेल्ड केला.

आबा, आमचे वडील, म्हणाले, "दुसरं कायपण काप रे. ह्याला हात लावू नको."

तो हसला. "आबा, सरळच तर जायचं हाय. वळायचंय कुठं?"

रेसमध्ये गाडी एका बाजूला ओढली गेली. त्यानं स्टेअरिंग फिरवलं...

पाइप तुटला. गाडी भिंतीवर गेली.

हर्षद गेला.

मोडकी गाडी शेडमध्ये आणून ठेवली. काढलेला दांडा तिथंच कोपऱ्यात पडला होता. आबांना तो बघवेना. एक दिवस त्यांनी तो उचलला आणि पुलावरून सावित्री नदीत फेकला. मी सोबत होते. बुडताना मी पाहिलाय.

शेडला कुलूप लागलं. चावी आबांच्या करगोट्याला.

त्या संध्याकाळी आई देवीपुढं दिवा लावत होती.

टक्...

आवाज शेडमधून आला.

टक्... टक्... मग पाना आवळल्याची करकर.

"मांजर असंल," मी म्हटलं.

 आईनं मात्र आवाजावरूनच तो हात ओळखला होता.

आवाज थांबला. रातकिडेसुद्धा गप्प...

आबांनी कुलूप काढलं. मी टॉर्च मारला.

आत कुणी नव्हतं.

पण गाडीत तोच दांडा होता... बसवलेला. बोल्ट घट्ट आवळलेले. दांड्यावरून पाणी ठिबकत होतं. खाली नदीची वाळू.

आबांनी तो ओला दांडा चाचपला. हर्षद गेल्यापासून ते रडले नव्हते, ते आता रडले.

"आता कशाला लावलास रे पोरा? आता कशाला?"

आई पुढं गेली. हर्षदच्या कपाळावरून फिरवायची तसा स्टेअरिंगवरून हात फिरवला. मग माझ्याकडे बघून म्हणाली,

"जेवला नाय गो समीक्षा. तसाच गेला."

तेव्हापासून दिवेलागणीला आई एक ताट शेडमध्ये ठेवून येते. सकाळी स्वतःच उचलते.

ते रिकामं असतं का, हे मी अजून विचारलेलं नाही.

रिकामं असेल तर भीती वाटते.

आणि भरलेलं असेल तर...

तेही सोसवणार नाही.