पाण्यातल्या माणसाचं नाव

"लेकरू माहं, अन् चोर बी मीच!" राजदीप मेश्रामने नोटीस टेबलावर आपटली.

तिरोड्याच्या स्टेशनरोडवरची ती खोली खासगी तपासनीस प्रेमिला बोपचे यांची. त्यांचा मदतनीस ओमेश्वर चहा ओतत होता, तो तसाच थांबला. हरवलेली म्हैस, पळालेला नवरा, असलं त्याला कळत असे. २०११ साली पहिल्यांदाच कुणी डोळ्यांना न दिसणाऱ्या मालाची चोरी घेऊन आलं होतं.

"नीट सांग, बापा," प्रेमिलाताई म्हणाल्या.

राजदीपने मोबाईलवरून निरोप धाडायचा प्रोग्राम लिहिला होता. नाव 'काठ'. कुणीही फुकट घ्यावा, उघडून पाहावा, सुधारावा. त्यात बोदलकसा तलावावरच्या मासेमारांसाठी एक सोय होती. माणूस जाळं घेऊन उतरला की 'पाण्यात' अशी खूण करायची. मग त्याला आलेला निरोप काठावरच्या माणसाच्या फोनवर जाई, आणि काठावरचा माणूस त्याच्या वतीने उत्तर देई. जगभरातल्या खुल्या मेसेंजरांनी ती सोय आनंदाने उचलली होती.

"आता एका बड्या कंपनीले अमेरिकेत तिचं पेटंट भेटलं. त्यायचा अर्ज तीन वर्षांमागचा, होळीनंतरचा. माहा प्रोग्राम जगापुढं आला त्या पावसाळ्यात. म्हणजे मी चोर! आपल्या देशात नुसत्या प्रोग्रामवर पेटंट नाही भेटत, ताई. पण निरोप जात होते परदेशी सर्व्हरवरून. तिथून 'काठ' काढला. बाकीच्यायनं बी भिऊन ती सोय खरडून टाकली. बोदलकशाचे फोन मुके झाले."

प्रेमिलाताई पेटंटातलं चित्र पाहत होत्या. निरोपाच्या डोक्यावर, पाण्यातल्या माणसाचं नाव यायच्या जागी, कोरी चौकट होती. खाली इंग्रजीत खुलासा होता: नाव गुप्ततेसाठी गाळले आहे.

"त्या होळीआधी प्रोग्राम कुणाकडे होता?"

"माह्या दोस्ताकडे, लोकेशकडे, मेलनं. रचनाबाईच्या कॉम्प्युटर क्लासात, तिथंच लिहिला. अन् तलावावरच्या फोनात."

लोकेश पुण्यात नोकरीला, सुट्टीत गावी आलेला. तो भडकलाच. "कंपनीत आहे म्हणून चोर? हे घ्या, पाहा!" त्याची जुनी प्रत त्याने उघडून दाखवली. निरोपाच्या डोक्यावर ठळक नाव.

रचनाबाईंच्या कॉम्प्युटरवरही तेच, ठळक नाव. "माझ्या क्लासात व्हायरस टिकत नाही, चोर काय टिकणार?" त्या म्हणाल्या.

मासेमारांच्या संस्थेला फोन विकले होते गोंदियाच्या गुलाबचंद सेठने. दुकानाच्या दारात कागदात गुंडाळलेली नवी पाटी टेकवून ठेवली होती.

"आइए मॅडम! राजदीप? लडका होशियार, पर धंद्याची अक्कल नाही. निरोप येतो, कुणासाठी ते नावच नाही! असा माल कोण घेणार?"

ओमेश्वर खो-खो हसला.

"तुम्ही वापरून पाहिला?"

"आपण फोन बेचतो, मॅडम. त्याचा प्रोग्राम आजतक खोलून नाही पाहिला."

बोदलकशाला पोचले तेव्हा तलाव उन्हात निजला होता. काठावर कुसुमबाई पदराने ऊन अडवून बसली होती. दूर पाण्यात एक डोकं काळ्या बदकासारखं वरखाली होत होतं.

"पोरगा तुमचा? नाव काय?" ओमेश्वरने विचारलं.

"आधी बाहेर येऊ दे. मंग इचार," ती तोंड फिरवून म्हणाली.

केवढी तुसडी बाई, ओमेश्वरला वाटलं. प्रेमिलाताईंनी तिच्या फोनातले जुने निरोप मागितले आणि बराच वेळ वाचले. ओमेश्वरने डोकावून पाहिलं. बर्फ आला, गाडी निघाली, बस्स.

"फोन सगळे चांगले राहिले?"

"एक बिघडला होता, पहिल्याच साली, होळीच्या आधी. सेठनं गोंदियाले नेला, लई दिवस ठेवला."

दुसऱ्या दिवशी प्रेमिलाताईंनी सगळ्यांना काठावर बोलावलं. सेठ नव्या फोनांची ऑर्डर मिळेल या आशेने आला होता.

"ओमेश्वर, काल कुसुमबाईंनी पोराचं नाव काऊन नाही सांगितलं?"

"तुसड्या..." तो जीभ चावून थांबला.

"या काठावर, माणूस पाण्यात असला की त्याचं नाव घेत नाहीत. पाण्याला नाव कळू नये म्हणून. राजदीप, पहिल्या दिवशी इथं काय झालं होतं?"

राजदीपने कपाळावर हात मारला. "बाया चिडल्या! फोन पोराचं नाव काऊन दाखवते म्हणे. मी इथंच बसून इथल्या साऱ्या फोनातून नाव काढलं. फक्त इथल्याच. जगाले देताना परत ठेवलं... लोक हसतील म्हणून."

"लोकेशच्या प्रतीत नाव आहे, रचनाबाईंच्याही. कंपनीच्या चित्रात नाही. चित्र काढणाऱ्याला ती चौकट कोरी का, हेसुद्धा कळलं नव्हतं. गुप्तता म्हणे! ते चित्र इथल्या फोनावरून निघालं. होळीआधी काठ सोडून गेलेला फोन एकच." त्या वळल्या. "सेठ, प्रोग्राम कधी खोलला नाही, मग त्यात नाव नसतं हे तुम्हाला कुणी सांगितलं? आणि तुमच्या दारातल्या त्या नव्या पाटीवर कोणत्या कंपनीची एजन्सी आहे?"

सेठचा चेहरा उतरला. "मी फक्त दाखवला त्यांच्या माणसाला. लडका तो फुकटच देणार होता ना! मग चोरी कशाची?"

"फुकट देनार होता, सगळ्यायले!" कुसुमबाई उठून उभी राहिली. "तुनं त्याले कुलूप घातलं! माह्या लेकराच्या जिवाची काळजी, ते बी कंपनीची करून टाकली? आमचंच आमाले वापरू देत नाही, असा कायदा कोन्या बापानं केला?"

बाया एकेक करून सेठभोवती येऊन उभ्या राहिल्या.

"सांगतो," सेठ पुटपुटला. "वकिलासमोर सांगतो."

"दुसऱ्याचं उचलून घेतलेलं पेटंट टिकत नाही," प्रेमिलाताई राजदीपला म्हणाल्या. "लढाई लांबची आहे. पण आता तुझ्या हाती काही आहे."

"आता नाव काढूनच टाकतो, ताई. साऱ्या जगाच्या फोनातून. हसू दे कोणाले हसायचं ते."

ओमेश्वर कुसुमबाईशेजारी जाऊन बसला. या वेळी त्याने काही विचारलं नाही. जाळं खांद्यावर टाकून पोरगा काठाकडे येत होता. पाणी कमरेला आलं, गुडघ्याला आलं. त्याची ओली पावलं चिखलात उमटली, तेव्हा कुठे कुसुमबाईने श्वास सोडला आणि तलावभर ऐकू जाईल अशी हाक दिली,

"सेवकराम! ये गा, जेवायले!"