ओढ्यापर्यंतची सोबत

ही गोष्ट मी रचलेली नाही. रचायची असती, तर शेवट तरी धड केला असता.

माझ्या केल्तूमा मावशीच्या घरी घडलेली. बिजाया शहराच्या गादीसाठी तिथले दोघे राजपुत्र भाऊ एकमेकांच्या जिवावर उठले होते, त्या हिवाळ्यातली. आमच्याच डोंगरात. भर दुपारी.

धाकट्या भावाचं सैन्य खिंडीत कापलं गेलं. तीन दिवस ओढ्याला लाल पाणी येत होतं.

चौथ्या दिवशी त्या सैन्यातला एक शिपाई मावशीच्या अंगणात कोसळला. डाव्या हाताची चारही बोटं तुटलेली. त्यानं उंबरा धरला.

"बाई, तुमचा आसरा."

आमच्याकडे एवढं म्हटलं की संपलं. मग तो शत्रू असला तरी आपला. आसरा देणाऱ्यानं स्वतः त्याच्यासोबत शिवेच्या ओढ्यापर्यंत चालत जायचं. शब्द मोडला, तर गाव त्या घराची कौलं उतरवतं. त्या घरची मुलगी कोणी करत नाही.

आणि मावशीची मुलगी सहा दिवसांची होती.

मावशीनं "दिला" म्हटलं. खूण म्हणून आपली चांदीची पिन त्याच्या झग्याला टोचली.

तिचा नवरा मझियान कुऱ्हाडीला धार लावत बसला होता. त्याचा सख्खा भाऊ त्याच खिंडीत मारला गेला होता, या शिपायाच्या लोकांकडून.

"बसा पाव्हणं," तो म्हणाला. "अंजीर खाणार? की आमच्या घरचा एक खाऊन पोट भरलंय?"

"अहो, मी शब्द दिलाय."

"ऐकलं. बहिरा नाही मी. तू बाळंतीण, बाहेर धुकं. पड तू. मी सोडतो त्याला."

मावशीनं जाऊ दिलं.

तीच तिची चूक. जिचा शब्द, तिचेच पाय लागतात.

मझियान परतला, तेव्हा कुऱ्हाड धुतलेली होती.

"सोडलात?"

"ओढ्यापर्यंत जिवंत होता. पलीकडचं तुझ्या शब्दात बसत नाही."

पण शेजारची शाबहा तिथं लाकडं गोळा करत होती. तिनं सगळं पाहिलं. पहिला घाव ओढ्याच्या अलीकडेच पडला. मागून, गुडघ्यावर. मग मझियाननं त्याला केसांना धरून पाण्यातून पलीकडे ओढलं. मानेवर तीन घाव घातले. तिसऱ्याला डोकं सुटलं.

"'बाईंना बोलवा' एवढंच ओरडत होता गं," शाबहा म्हणाली. "गावाला नाही सांगणार मी. तुझ्या लेकीसाठी."

दुसऱ्या दिवशी, दुपारी...

अंगणात पावलं वाजली. ओली.

मावशीनं दार उघडलं. कोणी नाही.

उंबऱ्यावर मात्र हाताचा ठसा होता. तळवा आणि अंगठा. बोटं नव्हती.

मग तो रोज यायला लागला. कुत्रं भुंकायचं थांबलं. बाळ दूध टाकून दाराकडे बघायचं...

पाचव्या दुपारी मझियान कुऱ्हाड घेऊन दारात उभा राहिला.

"ये ना. डोकं नसताना वाट बरी सापडते रे तुला."

पावलं त्याच्यासमोर येऊन थांबली. त्यानं रिकाम्या हवेत घाव घातला.

घाव लागला...

मांसात बसावा तसा. मझियानच्या तोंडावर, छातीवर, भिंतीवर रक्त उडालं. त्यानं पुन्हा घातला. पुन्हा. समोर कोणीच नव्हतं, आणि रक्त थांबत नव्हतं.

मावशीनं बाळ पाठीला बांधलं.

"बाजूला व्हा. मीच सोडते त्याला."

"उंबरा ओलांडलास तर बघ."

"तर काय? माझ्याही मानेवर तीन?"

तो बाजूला झाला.

मावशी धुक्यात चालू लागली. मागून पावलं आली. तिनं वळून पाहिलं नाही. पाहुण्याशी बोलावं तसं म्हणाली, "इथं निसरडं आहे, जपून."

ओढा आला. तिनं पाण्यात पाय घातला, पलीकडे गेली. पावलंही पाणी कापत आली.

"इथवर माझा शब्द," ती म्हणाली. "पुढं तुमची वाट तुम्हाला."

मागून आवाज आला...

"केल्तूमा, पोरीला जप."

आवाज मझियानचा होता.

ती वळली. नुसतं धुकं.

धावत घरी आली. मझियान दारात आडवा पडला होता. अंगावर एक ओरखडा नाही. थंडगार. पण दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत भिजलेले, नखांत ओढ्याची वाळू.

गावानं खांदा दिला. शाबहानं तोंड शिवलं ते शिवलं. मुलीचं लग्नही चांगल्या घरी झालं. मावशीनं हे मला सांगितलं, ते मरायच्या आदल्या दिवशी. माझ्या मांडीवर डोकं ठेवून. लेकीला कधीच नाही सांगितलं.

त्या दिवशी मागं पाहू शकणारं एकच माणूस होतं. पाठीवरचं ते तान्हं. ती आता माझ्यासारखीच म्हातारी झाली आहे. परवा आम्ही दोघी ऑलिव्ह वेचून घरी येत होतो. चालता चालता सहज बोलल्यासारखी म्हणाली,

"ताई, आपल्या मागून ते दोघं येतात ना... त्यातल्या एकाला डोकं का नाही गं?"

मी वळून पाहिलं नाही.