आठ ठोक्यांचे काका

एकच गोष्ट दोनदा करायची म्हटली की काकांच्या कपाळाला आठ्या पडत. चाळीस वर्षं त्यांनी हॉटेलांत आणि क्लबांत सॅक्सोफोनवर जॅझ वाजवलं, पण एकच धून दुसऱ्यांदा तशीच वाजवल्याचं कुणाला आठवत नव्हतं. "परवासारखं होऊ द्या," असं कुणी म्हटलंच तर उत्तर ठरलेलं, "परवाचं परवाच संपलं. शिळ्या कढीला ऊत कशाला?"

आई-वडील गेल्यावर पुतणीला त्यांनीच वाढवलं, सूर ओळखायलाही शिकवलं. आता ती वरच्या खोलीत कॉम्प्युटरवर नाचायचं संगीत तयार करायची. "ठमे, इस्त्री फिरवल्यासारखं आहे तुझं संगीत," काका चिडवायचे, "एक सुरकुती म्हणून दिसत नाही!"

तिला ते झोंबायचं, कारण ते खरं होतं. तिच्या ट्रॅकवर लोक नाचायचे, आणि तो कुणाचा हे विसरून जायचे.

म्हणून एका दुपारी तिने काकांपुढे माइक ठेवला. पडद्यातून पिवळं ऊन गाळून येत होतं. काका डोळे मिटून वाजवत होते. मध्येच बोट घसरलं, सूर चिरकला. आणि काकांनी त्या चिरकलेल्या सुराचाच हात धरून असं काही वळण घेतलं, की तिच्या अंगावर शहारा आला. आठ ठोक्यांचा तुकडा. तिने नेमका तेवढाच कापला, खाली ठेका घातला आणि तो पुन्हा पुन्हा फिरत राहील असा ठेवला.

"हा घेऊ ना, काका?"

"घे की. घसरलेल्या बोटाचं मी काय लोणचं घालणार आहे?"

लोकांनी तो ट्रॅक डोक्यावर घेतला. असं पूर्वी कधी ऐकलंच नव्हतं म्हणाले.

पंधरा दिवसांनी सकाळच्या रियाजात काकांनी तेच वळण घेतलं. तेच बोट, तिथेच घसरलं. तिला हसू आलं. "काका, माझी नक्कल करताय होय?" तेही हसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच झालं. तिसऱ्या दिवशी ती जिन्यातच थबकली, कारण खालून फक्त तो तुकडाच येत होता, एकामागून एक.

"सुचत नाहीये का?" तिने विचारलं.

"सुचतंय गं," काका म्हणाले. "पण सुचतं ते हेच."

डॉक्टरांनी तपासून प्रकृती ठणठणीत असल्याचं सांगितलं. ठोके तर घड्याळाला लाजवतील असे पडत होते म्हणे.

यशाला भाऊबंद फार. तिच्या ट्रॅकच्या नकला निघू लागल्या. एकाने तुकड्याचा वेग वाढवला, त्या आठवड्यात काका भराभरा बोलू लागले, आवाज बारीक झाला. दुसऱ्याने तो संथ केला, तर त्यांचा चमचा ताटातून तोंडाशी यायला अर्धं मिनिट लागू लागलं. ती असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी नव्हती. तिने वहीत तारखा मांडल्या. त्या जुळल्या. पुन्हा मांडल्या, पुन्हा जुळल्या.

तिने आपला ट्रॅक काढून टाकला. पण नकला कुणाच्या हातात राहतात? तिने एकेकाला हातापाया पडून लिहिलं, काकांचा सूर काढा म्हणून. एकाचंच उत्तर आलं, "कोण काका?"

त्या संध्याकाळी काकांनी सॅक्सोफोन मांडीवर आडवा ठेवला. "ठमे, मला याच्यापुढचं वाजवायचंय," ते अगदी सावकाश म्हणाले. "एकदाच." तिला रडू आवरेना. हे आपणच केलं, आपल्या हातांनी, एवढंच तिच्या मनात येत राहिलं.

पुढच्या आठवड्यात आणखी एक ट्रॅक आला. त्याचं फार कौतुक चाललं होतं. याने म्हणे नक्कल केलीच नव्हती. तुकड्यातले सगळे सूर पुसून टाकले होते, आणि सुरांच्या मधला वाजवणाऱ्याचा श्वास तेवढा ठेवला होता.

दुपार होती. तिने हेडफोन लावून तो ऐकला. ठेका, श्वास. ठेका, श्वास. किती वेळ ऐकत राहिली कोण जाणे, तिला गुंगीच आल्यासारखं झालं.

तिने हेडफोन काढला.

ठेका थांबला.

श्वास थांबला नाही.

ती जिना उतरून खाली आली. खोलीत तसंच पिवळं ऊन होतं. काकांच्या खुर्चीवर कुणी नव्हतं. उशी मात्र पाठीच्या आकारात दबलेली होती, आणि श्वास तिथूनच येत होता.

"काका?"

तिने वाट पाहिली. पुढचा श्वास ठरल्या ठोक्यालाच आला.