तिसऱ्या हाकेला ओ

लाइट येईस्तोवर ऐका. पण मधे हुंकार देऊ नका, आज तरी नको. आमच्या भावकीतल्या नानासोच्या शिवतेजची गोष्ट आहे. गेल्या श्रावणात पिठोरी अवसेच्या रात्री घडलेली.

शिवतेज सांगलीत एका कंपनीत कामाला. काम काय, तर मशीनला हाक मारायची आणि ओ नीट येते का बघायचं. धरणातून पाणी सोडलं की नदीकाठी घरोघरी फोनवर भोंगा वाजवायचा, असलं त्यांचं ॲप. हाक गेली की मशीन घरांची यादी धाडतं. त्या यादीला ही पोरं जेसन म्हणतात. नाव ऐकून वाटावं, कुणी गोरा पाव्हणाच आलाय. यादीत घरं किती आली ते शिवतेजची टेस्ट आपोआप मोजायची. आमच्या गावच्या मळीत, म्हणजे नदीकाठच्या रानात, घरं अठ्ठेचाळीस. बरोबर तेवढी आली तर हिरवं, एक जरी इकडंतिकडं झालं तर लाल.

यादीतलं शेवटचं घर बयाबाईचं, त्याच्या आत्तीचं. सगळ्यांच्या टोकाला, ओढ्यापलीकडं. आईवेगळ्या शिवतेजला तिनंच वाढवलेला. पावसाळाभर ती पाण्याकडं बघत जागायची. एकदा शिवतेज म्हणाला, "आत्ती, आता नीज गं. पाणी आलं की फोन बोंबलंल."

"आन न्हाई बोंबलला तर?"

"मी हाय की!"

आत्ती निजायला लागली. आषाढात एका रात्री पाणी आलं. सत्तेचाळीस फोन वाजले. सकाळी आत्ती बाभळीत अडकलेली सापडली. कनवटीला फोन तसाच. टेस्ट शिवतेजची, आणि ती तर हिरवी होती, मग सगळ्यांनी बोट त्याच्याकडंच केलं.

पिठोरीच्या रात्री तो खोलीवर साधंच काम घेऊन बसलेला. ऑफिसनं सांगितलेलं, यादीतून आत्तीचं नाव तेवढं काढ. शेजारी त्याचा खोलीतला जोडीदार मुकुल, एकाच कंपनीतला, भडंग खात लोळत होता.

शिवतेजनं नाव काढलं. मग अठ्ठेचाळीसचे सत्तेचाळीस करायला टेस्ट उघडली आणि थबकला. तिथं अठ्ठेचाळीस नव्हतेच. तिथं होतं, यादीत एक तरी घर आलं की पास.

"मुकुल, हे कुणी बदललं?"

मुकुलचा हात भडंगात तसाच राहिला.

"सत्तेचाळीस नावांपुढं यादी तुटत होती रे, शेवटचं नाव येतच नव्हतं. सारखं लाल येत होतं. सकाळी साहेबांना दाखवायचं होतं. तू भडंग आणायला खाली गेलेलास, लॅपटॉप उघडाच होता... म्हटलं, एका नावानं काय होतंय?"

"नाव कुणाचं ते बघितलंस?"

मुकुल भडंगाचा कागद चुरगाळायला लागला.

"तिला खांदा दिलास तू. माझ्या गळ्यात पडून रडलास. लोक माझ्या तोंडावर म्हणत हुती, पोरानंच आत्तीला झोपवली. तवा बी असाच गप बसलास व्हय रं?"



शिवतेजनं आकडा परत घट्ट बांधला. बरोबर सत्तेचाळीस. टेस्ट चालवली. हिरवं.

मन मानेना. परत चालवली. हिरवं.

तिसऱ्यांदा... लाल.

हवे सत्तेचाळीस. आले अठ्ठेचाळीस. शेवटची ओळ कोरी.

शिवतेजनं बोटांवर मोजलं, मशीनला ही तिसरी हाक. आत्तीनंच शिकवलेलं, रात्री कुणी हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. दुसऱ्याही नाही. तिसऱ्या हाकेलाच द्यायची, मेलेलं माणूस तिसरी हाक मारत नाही.

पंखा थांबला. जिन्यातून हाक आली. बाईमाणसाची. ओल्या गळ्याची.

"मुकुल..."

शिवतेजनं झटकन तोंडावर बोट ठेवलं. पण मुकुल पाचगणीच्या बोर्डिंगात वाढलेला. तिथं पहिल्या हाकेलाच हजेरी.

"ओ!"

...

शिवतेजनं दार उघडलं. जिना मोकळा. दुसरी हाक आलीच नाही.

मुकुल पहाटेच्या एसटीनं घरी गेला, तो परतला नाही. वरती डोंगरात राहतो म्हणे, नदीपासून लांब.

सकाळी शिवतेजनं यादी उघडली. शेवटची ओळ आता कोरी नव्हती. घर बयाबाईचं. नंबर मुकुलचा.

त्यानं तो काढला. कितीदा तरी काढला. टेस्ट चालवली की पहिल्या हाकेला नसतो. दुसऱ्याही नसतो...